महाविद्यालयीन रोइंग प्रशिक्षक : वऱ्हाडातून निघणारी वाट

पदवी, पदविका की पाण्यावरचा अनुभव? निर्णय वेळीच घेणे आवश्यक

अमरावती, अकोला : मैदानाची आवड असलेला वऱ्हाडातील विद्यार्थी बारावीनंतर बहुधा एकच स्वप्न पाहतो. शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायची, एखाद्या महाविद्यालयात नोकरी मिळवायची आणि आपल्या आवडीच्या खेळाचा संघ घडवायचा. खेळ कबड्डी किंवा कुस्ती असेल तर पुढची वाट निदान परिचित असते. खेळ रोइंगचा, म्हणजे वल्ह्यांच्या शर्यतीच्या नौकेचा असेल, तर नेमके कोठे जायचे आणि काय शिकायचे, हे सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. त्यातच एक गैरसमज अनेकांची उमेदीची वर्षे वाया घालवतो. महाविद्यालयातील नोकरी आणि खेळाचे प्रशिक्षण हे एकच काम आहे, असा तो समज होय. प्रत्यक्षात हे दोन वेगळे मार्ग असून त्यांची पात्रताही वेगळी आहे.

पद कोणाचे आणि काम कोणाचे?

अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयाच्या नियमित पदांत ‘रोइंग प्रशिक्षक’ हे पद आढळत नाही. तेथे असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे पद. विद्यार्थी ज्यांना क्रीडा संचालक किंवा नुसते ‘स्पोर्ट्सचे सर’ म्हणतात, ते हेच. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, अॅथलेटिक्स अशा सर्व खेळांचे संघ निवडणे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिका भरणे, प्रवासखर्चाचा हिशेब ठेवणे, मैदान व साहित्य सांभाळणे आणि मूल्यांकनासाठी कागदपत्रे तयार करणे, ही सर्व कामे त्यांच्याकडे असतात. एकाच खेळासाठी पूर्ण वेळ देणे त्यांना क्वचितच शक्य होते.

प्रशिक्षकाचे काम निराळे आहे. पहाटे खेळाडूंना पाण्यावर उतरवणे, प्रत्येकाच्या वल्ह्याच्या फटक्यातील दोष हेरणे, आठवड्याचा सराव आखणे आणि स्पर्धेच्या दिवशी संघाची शक्ती शिखरावर आणणे, हे त्याचे कार्य होय. असा प्रशिक्षक महाविद्यालयाला हवा असेल, तर तो बहुधा मानधनावर किंवा कराराने नेमला जातो, अथवा जवळच्या बोट क्लबमार्फत मिळतो. म्हणूनच ‘कॉलेजचा रोइंग कोच’ व्हायचे असेल, तर नियमित पदाची पात्रता आणि प्रशिक्षणाचे कौशल्य या दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नियमित पदासाठी काय लागते?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शारीरिक शिक्षण संचालक पदासाठी शारीरिक शिक्षण वा क्रीडा विज्ञान विषयातील किमान ५५ टक्के गुणांची पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. त्याबरोबर नेट किंवा सेट उत्तीर्ण असणे अथवा विहित पद्धतीने मिळवलेली पीएच.डी. अपेक्षित आहे. उमेदवाराने आंतरविद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व केलेले असावे, अशीही अट आहे. या विनियमांच्या जागी नवे विनियम आणण्याचा मसुदा आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यामुळे अर्ज करताना त्या वेळी लागू असलेले नियम तपासून पाहावेत.

या पदासाठी शारीरिक क्षमतेची चाचणीही द्यावी लागते, याची अनेकांना कल्पना नसते. २०१८ च्या विनियमांनुसार ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर, तर त्याच वयोगटातील महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर धावत वा चालत पार करणे अपेक्षित आहे. वय वाढते तसे हे अंतर कमी होते. नियमित व्यायाम करणाऱ्याला ही चाचणी अवघड नाही. नेटच्या अभ्यासात मैदान सोडून दिलेल्या उमेदवाराची मात्र येथे परीक्षा होते.

वेतनाच्या दृष्टीने हे पद सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीचे आहे. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे प्रारंभिक मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये आहे. वऱ्हाडातील मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांना या नोकरीचे आकर्षण वाटते ते यामुळेच. मात्र जागा थोड्या असतात. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महाविद्यालयांतील रिक्त पदे भरण्यास मान्यता दिली, तेव्हा सहायक प्राध्यापकांची पदे ३,५८० होती आणि शारीरिक शिक्षण संचालकांची १३९. ही संख्या संपूर्ण महाराष्ट्रासाठी होती. पुढे मे २०२० मध्ये कोरोनाच्या आर्थिक ताणामुळे नव्या पदभरतीवरच निर्बंध आले. एम.पी.एड. आणि सेट झालेल्या उमेदवाराला काही वर्षे तासिका तत्त्वावर काढावी लागू शकतात, हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

अमरावतीचा पाया

शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला दूर जाण्याचे कारण नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. आखाड्यातून सुरू झालेल्या या संस्थेचे आज शारीरिक शिक्षणाचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. अमरावतीतच श्री शिवाजी शिक्षण संस्थेचेही शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता संत गाडगेबाबा यांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाच्या संघात जाण्याचा रस्ता या पाचही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना खुला आहे.

बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आणि मैदानी चाचणी द्यावी लागते. त्यापुढे एम.पी.एड.ची दोन वर्षे. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी धरली, तर एम.पी.एड. पूर्ण होईपर्यंत एकूण सात वर्षे जातात आणि उमेदवार पंचविशीला पोहोचतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच निर्णय घेणे श्रेयस्कर ठरेल.

ही सात वर्षे शरीरशास्त्र, व्यायामाचे शास्त्र, क्रीडा मानसशास्त्र आणि अध्यापनाची पद्धत शिकवतात. रोइंगची नौका मात्र ती शिकवत नाहीत. त्यासाठी पाणी लागते.

पाणी आहे, पण…

वऱ्हाडात जलाशय नाहीत, असे नाही. अमरावती शहराजवळ वडाळी आणि छत्री हे तलाव आहेत. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर पसरला आहे. अकोल्यासाठी बार्शीटाकळी तालुक्यातील महान येथे काटेपूर्णा धरण आहे. परंतु रोइंगसाठी केवळ पाणी पुरत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे प्रचलित अंतर २,००० मीटर असते, प्रत्येक नौकेची मार्गिका साधारण साडेतेरा मीटर रुंद असते आणि पाण्याची खोली सुमारे तीन मीटर तरी लागते. शहरातील लहान तलावात इतकी सरळ लांबी मिळणे कठीण. तेथे नवशिक्यांना तोल आणि वल्ह्याची पकड शिकवता येईल, पूर्ण शर्यतीचा सराव होणार नाही.

मोठ्या धरणांच्या अडचणी निराळ्या आहेत. काटेपूर्णाचे पाणी अकोला शहराला प्यायला जाते आणि जलाशयाच्या परिसरात अभयारण्य आहे. त्यामुळे जलसंपदा आणि वन या दोन्ही विभागांच्या परवानगीवाचून तेथे काहीही करता येणार नाही. शिवाय वऱ्हाडातला उन्हाळा कठोर असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाते, काठ उघडे पडतात आणि सकाळी आठनंतर उन्हात सराव करणे धोक्याचे होते. येथे प्रशिक्षण केंद्र उभारू पाहणाऱ्याला वर्षाचा कार्यक्रम पावसाळ्याअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत पाण्यावर आणि उरलेला काळ जमिनीवर, असाच आखावा लागेल.

जमिनीवरचा सराव ही कमीपणाची गोष्ट नाही. रोइंगमध्ये अर्गोमीटर नावाच्या यंत्रावरील सरावाला मोठे महत्त्व आहे. सरकत्या आसनावर बसून साखळीला जोडलेली मूठ ओढायची आणि समोरच्या पडद्यावर अंतर व वेळ पाहायचा, अशी त्याची रचना असते. त्यावरील २,००० मीटरची चाचणी खेळाडूंच्या निवडीत जगभर वापरली जाते. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू हे अंतर सहा मिनिटांच्या आत पूर्ण करतात. असे यंत्र अमरावती किंवा अकोल्यातील व्यायामशाळेतही बसवता येते. खेळाची पहिली ओळख आणि गुणवान मुलांची निवड, या दोन गोष्टी धरणावाचून साध्य होऊ शकतात.

पुण्याची परंपरा

महाविद्यालयीन रोइंग प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर पुण्याला जावे लागते. १८५४ मध्ये सुरू झालेल्या आणि आता तंत्रज्ञान विद्यापीठ झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून नदीकाठी उभा आहे. तेथील ‘रेगाटा’ हा जलक्रीडांचा सोहळा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. या क्लबचे वैशिष्ट्य असे, की त्याचा मोठा कारभार विद्यार्थीच पाहतात. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्यांना नौकेत बसण्यापासून शिकवतात. प्रशिक्षकाच्या कामाची पहिली पायरी हीच होय. स्वतःला येणारी गोष्ट दुसऱ्याच्या अंगी उतरवता येते की नाही, हे येथेच कळते.

पुण्यातील दुसरे आणि खेळाच्या दृष्टीने अधिक मोठे केंद्र म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातील सैन्यदलाचे रोइंग केंद्र. भारताच्या या खेळातील यशात सैन्यदलाच्या खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत बजरंगलाल ताखर यांनी सिंगल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेतील रोइंगचे ते भारताचे पहिले सुवर्ण होते. २००५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले इस्माईल बेग यांच्यासारखे प्रशिक्षक या परंपरेशी जोडलेले आहेत.

वऱ्हाडातील विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे उदाहरण दत्तू भोकनळ यांचे आहे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. हा भाग टंचाईचा. विहिरी खोदण्याची मजुरी केलेला हा तरुण २०१२ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि त्यानंतर पुण्यात प्रथमच वल्हे हाती घेतले. चार वर्षांत, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता स्पर्धेत रौप्यपदक मिळवून त्यांनी रिओ ऑलिंपिक गाठले आणि सिंगल स्कल्समध्ये तेरावे स्थान मिळवले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्सच्या सुवर्णविजेत्या चौघांत ते होते. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावातला मुलगा विशीनंतरही या खेळात उतरून ऑलिंपिकपर्यंत जाऊ शकतो. उंची, दमसास आणि कष्टाची सवय या गोष्टी गावाकडे आहेत. त्या ओळखणारा प्रशिक्षक गावाकडे नाही, हे दुखणे आहे.

प्रशिक्षक नेमके काय शिकवतो?

रोइंगमध्ये खेळाडू प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो. दोन्ही हातांत एकेक वल्हे असेल तर तो प्रकार स्कलिंग आणि दोन्ही हातांनी एकच वल्हे चालवले तर स्वीप. कयाक किंवा कनूमध्ये खेळाडूचे तोंड पुढे असते; तो खेळ वेगळा, त्याची संघटनाही वेगळी. अर्ज भरताना आणि प्रमाणपत्रे गोळा करताना या दोन खेळांची गल्लत होऊ देऊ नये.

वल्ह्याच्या एका फटक्याचे चार भाग असतात. वल्ह्याचे पाते पाण्यात घालणे, पायांनी रेटा देणे, पाते बाहेर काढणे आणि आसन सरकवत पुन्हा पुढे येणे. नवशिका हातांनी ओढू लागतो. प्रत्यक्षात बहुतांश शक्ती पायांतून येते, त्यानंतर पाठीतून आणि अगदी थोडी हातांतून. आखाड्यात जोर-बैठका काढलेल्या मुलाला पायांचा हा उपयोग लवकर उमगू शकतो. मात्र आठ जणांच्या नौकेत आठही पाती एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. तेथे एकट्याचे बळ उपयोगाचे नसते.

सुरक्षितता ही प्रशिक्षकाची पहिली जबाबदारी होय. शर्यतीच्या एकेरी नौकेचे किमान वजन अवघे १४ किलो असते आणि ती सहज कलंडते. त्यामुळे पोहता न येणाऱ्याला नौकेत बसवू नये, सोबत मोटारबोट ठेवावी, जीवरक्षक जाकिटे मोजून घ्यावीत, वारा व विजेचा अंदाज पाहावा, प्रथमोपचार यावेत. एका दुर्घटनेने एखाद्या शहरातील संपूर्ण उपक्रम बंद पडू शकतो.

प्रशिक्षणाची पदविका

प्रशिक्षक म्हणून मान्यता देणारी देशातील प्रमुख संस्था म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची एक वर्षाची क्रीडा प्रशिक्षण पदविका ‘एनआयएस’ या नावानेच ओळखली जाते. तिच्या प्रवेशासाठी पदवी, खेळातील कामगिरी आणि निवड चाचण्या पाहिल्या जातात. कोणत्या खेळाची पदविका कोणत्या केंद्रावर आणि त्या वर्षी उपलब्ध आहे का, हे माहितीपुस्तिकेतून तपासावे. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो; तो पदविकेला पर्याय समजू नये. जागतिक रोइंग महासंघाचे प्रशिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम आहेत. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय रोइंग महासंघाच्या व राज्य संघटनेच्या संपर्कात राहिल्यास त्यांची आणि पंचांच्या परीक्षांची माहिती मिळते.

पदविकेनंतरची दारे महाविद्यालयाबाहेरही उघडतात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रशिक्षक व सहायक प्रशिक्षकांच्या ३२० पदांची जाहिरात दिली होती. ती पदे कराराची होती, हे ध्यानात घ्यावे. राज्याच्या क्रीडा विभागाने २०२३ मध्ये १११ पदांची जाहिरात दिली, त्यांत क्रीडा अधिकारी आणि क्रीडा मार्गदर्शक यांची पदे प्रामुख्याने होती. खासगी शाळा, क्लब आणि अकादमी येथेही कामे मिळतात. मानधन मात्र ठिकाणानुसार बदलते.

दोन्ही वाटा कशा साधाव्यात?

केवळ एम.पी.एड. व सेट झालेल्याला संचालक पदासाठी अर्ज करता येतो. परंतु रोइंगचा संघ घडवण्याचे कौशल्य त्याच्याकडे नसते. केवळ पदविका घेतलेल्याकडे कौशल्य असते. परंतु पदव्युत्तर पदवी व नेट-सेट नसल्याने नियमित पदाचे दार त्याला बंद राहते. तिशीच्या उंबरठ्यावर हे लक्षात आले, तर परत फिरणे घरच्यांना आणि स्वतःलाही जड जाते.

म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच पोहणे आणि अर्गोमीटरचा सराव सुरू करावा. सुट्ट्यांत पुणे किंवा नाशिक येथे जाऊन प्रत्यक्ष नौका शिकावी. विद्यापीठाच्या संघातून खेळण्याची संधी सोडू नये. कारण तेच प्रमाणपत्र पुढे संचालक पद आणि पदविका या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडते. शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठीही कामगिरीची नोंद महत्त्वाची असते. एम.पी.एड. आणि पदविका यांच्यामध्ये सेटची तयारी करावी. घरची परिस्थिती बेताची असेल, तर सैन्यदलातून खेळात जाण्याचा मार्गही खुला आहे.

काळही थोडा अनुकूल होत आहे. २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत रोइंगचा प्रथमच समावेश झाला आणि त्याच्या शर्यती गोरखपूरच्या रामगढताल या तलावावर घेण्यात आल्या. त्याच वर्षी हांगझू आशियाई स्पर्धेत भारतीय रोइंगपटूंनी दोन रौप्य आणि तीन कांस्य अशी पाच पदके मिळवली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शर्यत १,५०० मीटरची राहणार असून किनाऱ्यावरील बीच स्प्रिंट हा नवा प्रकारही दिसणार आहे. प्रशिक्षकाला आपले ज्ञान सतत ताजे ठेवावे लागेल.

अमरावतीने शतकापूर्वी आखाड्याच्या बळावर देशी खेळ जगापुढे नेले. तेव्हाही सुरुवात साधनांनी झाली नव्हती. शिकवणाऱ्या माणसांनी झाली होती. वऱ्हाडातील एखाद्या जलाशयावर उद्या शर्यतीची नौका उतरायची असेल, तर तिच्याआधी तिचा प्रशिक्षक तयार व्हावा लागेल. त्यासाठी लागणारी सात-आठ वर्षे आज बारावीत असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आहेत. ती कोणत्या क्रमाने खर्च करायची, याचा निर्णय मात्र त्याने प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच घ्यावा.